पाण्यातली सळई

पंचशीला सोनकांबळे मूळची हिप्परवाडीची. उदगीर तालुक्यातलं हे गाव ब्याऐंशी सालापर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. मग लातूर वेगळा जिल्हा झाला आणि गावाच्या पाटीवर जिल्ह्याच्या जुन्या नावावरून रंगाचा हात फिरवून नवं नाव आलं. विहिरीचा रिवाज मात्र होता तसाच राहिला. भीमनगरातल्या बायांनी काठापासून लांब उभं राहायचं, गावातली कुणी बाई वरून ओतेल तेवढं घागरीत घ्यायचं. पंचशीलाची माय केवळाबाई त्या काठापाशी उभी राहून राहून म्हातारी झाली. नवरा गेल्यावर खुरपणी-कापणी करून तिनं पोरीला नांदेडच्या वसतिगृहात ठेवलं, शिकवलं. पोरगी इंजिनिअर झाली आणि नांदेडच्याच एका खासगी तंत्रनिकेतनात, धातूंची ताकद तपासायच्या प्रयोगशाळेत लागली.

तिथलं काम तिला मनापासून आवडायचं. लोखंडाची सळई यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची, ओढत न्यायची आणि किती भाराला तुटते ते बघायचं. एका झटक्यात न तुटणारी सळई थोड्या भारानं लाखो वेळा ओढली-सोडली, की एक दिवस तुटते. धातू थकतो, असं त्या शास्त्रात म्हणतात. कोणता धातू किती फेऱ्यांनी थकतो, हे मोजायचं काम पंचशीलाकडं होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख मुळजकर सर. हसतमुख, हळू बोलणारे. त्यांचा आवाज कधी कुणावर चढलेला कुणी ऐकला नव्हता.

पंच्याऐंशी साली पाऊस दगा देऊन गेला. दिवाळीपर्यंतच विहिरींचे तळ दिसायला लागले. बोअर घ्यायचे तर पाणी पार खोल गेलेलं, आणि एवढ्या खोलीवरच्या हापशात लोखंडी सळयांची इतकी लांब माळ सोडावी लागायची की तिच्या वजनानंच बायांचे खांदे निखळायचे. मुळजकर सरांनी त्यावर तोड काढली. काचेचे तंतू राळेत बसवून केलेली सळई. वजनानं लोखंडाच्या चौथाई, गंजायची भीती नाही, ओढायला लोखंडाच्या तोडीस तोड. तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या चिकटवलेल्या, म्हणजे एकीत दुसरी आटे देऊन बसवता येई. नव्या जिल्ह्याला काहीतरी नवं दाखवायची घाई होतीच. लातूरच्या कलेक्टरसाहेबांनी सरांना बोलावून घेतलं आणि पहिला हापसा गुढीपाडव्याच्या आत कुठल्यातरी गावात बसवायचा असं ठरवूनच टाकलं.

सळईच्या सगळ्या चाचण्या पंचशीलानंच केल्या होत्या. सगळ्या कोरड्या. नाताळच्या सुट्टीत एक तुकडा चुकून पाण्याच्या बादलीत राहून गेला. सुट्टीनंतर तिनं तो सहज यंत्राला लावला, तर थोड्याच फेऱ्यांत सळई टोपीतून अलगद बाहेर आली. ना तडा गेला, ना आवाज झाला. चाकू म्यानातून निघावा तशी निघाली. पंचशीलानं मुद्दाम आणखी तुकडे भिजवले. काही टिकले, काही निसटले. केव्हा निसटेल याचा काही नेम लागेना.

ती सरांकडं गेली.

"सर, चिकटवलेल्या जागेत पाणी शिरतंय. सळई मजबूत आहे, पण सांधा धरत नाही. निदान सहा महिने पाण्यात ठेवून चाचणी घ्यायला पाहिजे."

सरांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. "सहा महिन्यांत तर दुष्काळ संपून जाईल, सोनकांबळे."

"पण सर, दांड्यावर बाई सगळा भार टाकून रेटत असते. तेव्हाच सळई निसटली तर ती तोंडावर आपटेल. समोर ओतीव लोखंडाचं डोकं आहे हापशाचं."

"बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले. "म्हणून तर प्रत्यक्ष वापरात बघायचं. शेवटी खरी प्रयोगशाळा तीच." आणि मग अगदी मायेनं म्हणाले, "तुमचं गाव हिप्परवाडी ना? तुमच्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, असं तुम्हीच मागं सांगितलं होतं. पहिला हापसा तुमच्याच वस्तीत बसवू. तुमचं लक्षही राहील."

बाहेर आल्यावर पंचशीलाच्या लक्षात आलं, की आपण त्यांना "थँक यू सर" म्हणून आलो.

हापसा बसवायला जीप आली, त्याच्या आदल्या दिवशी ती गावी गेली. भीमनगरातल्या बायांना तिनं समाजमंदिरात बोलावलं आणि सगळं सांगितलं. सळई कशी निसटते, मग काय होतं, कुणाचा जबडा जाईल, कुणाचे दात.

"कव्हा निसटंल?" केवळाबाईनं विचारलं.

"सांगता येत न्हाई, माय. दोन महिन्यांनी, न्हाईतर दोन वर्षांनी."

"मंग तवर तर पाणी येईल की."

"आगं, कुणाचं तरी तोंड फुटंल!"

केवळाबाई पायातला काटा काढत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "हितं रोज फुटून राहिलं. इहिरीवर त्या साखराबाईला 'वाढ वं माय पाणी' म्हणताना काय होतं, ते तुझ्या मशीनवर दिसत न्हाई. बसू दे हापसा."

एकही बाई पंचशीलाच्या बाजूनं बोलली नाही.

मग तिनं जमेल तेवढं केलं. दांड्याखाली खांब रोवून त्यावर ट्रकचा जुना टायर बांधला, म्हणजे दांडा खाली आदळला तरी धक्का कमी बसेल. बायांना उभं राहायची नवी पद्धत शिकवली. बाजूला उभं राहायचं, तोंड दांड्याच्या रेषेत आणायचं नाही, अंगाचा भार टाकायचा नाही, नुसत्या हातांनी ओढायचं. वेळ लागला तरी चालेल. केवळाबाई हापशापाशी पहारेकऱ्यासारखी बसायची आणि कुणी पुढं झुकली की खडा मारायची. पाणी गोड लागलं. पहिल्या दिवशी बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावून बायांनी ते तांब्या-तांब्यानं वाटलं.

नांदेडला परतल्यावर पंचशीलानं आणखी एक गोष्ट केली. प्रयोगशाळेत पाण्यानं भरलेला उभा पाइप बसवला, त्यात तसलीच सळई सोडली आणि वर मोटर जोडून ओढ-सोड सुरू केली. हिशेब साधा होता. भीमनगरात दिवसभरात जेवढे हिसके बसतात, त्याच्या पुढं हे यंत्र कायम असलं पाहिजे. इथली सळई आधी निसटेल, मग गाडी धरून गावी जायचं आणि हापसा बंद करायचा. रोज सकाळी आल्याबरोबर ती आधी पाइपाकडं जायची. मोटर घरघरत असली की तिचा जीव भांड्यात पडायचा.

मुळजकर सर येता-जाता थांबून बघायचे. "छान कल्पना आहे," म्हणायचे.

वैशाखात गावची विहीर आटली. खरवडून गाळ काढला, तरी झरा लागेना. दोन दिवस गाव इकडं-तिकडं फिरलं आणि तिसऱ्या दिवशी साखराबाई आपल्या सुनेला घेऊन भीमनगरात आली. साखराबाई म्हणजे गावातलं बड्या शेतीचं घर. तिचा लेक भुजंग सोसायटीचा चेअरमन, आणि सून सिंधू त्याच उन्हाळ्यात मुखेडकडून लग्न होऊन आलेली, विशीतली पोर. त्यांच्या मागोमाग अख्ख्या गावातल्या बाया आल्या. हापसा आधी धुऊन घेतला. मग भुजंगनं येऊन सांगितलं, की पहिल्यांदा गावाचं भरून होईल, मग भीमनगराचं. दुपार कलल्यावर.

विहिरीवर जशा उभ्या राहायच्या, तशाच भीमनगरातल्या बाया आता स्वतःच्या दारातल्या हापशापासून लांब उभ्या राहिल्या.

केवळाबाईनं तरी आपलं काम सोडलं नाही. पहिल्याच दिवशी ती साखराबाईला लांबून म्हणाली, "बाई, वाकडं उभं ऱ्हा. तोंड लांब ठिवा. त्याची सळई निसटती म्हणं."

"तू शिकीव आता आम्हाला पाणी भरायला," साखराबाई म्हणाली, आणि बाया हसल्या.

सिंधूनं मात्र ऐकलं. ती बाजूला सरकली, हात लांब करून दांडा ओढायला लागली. साखराबाईचं लक्ष गेलं. "कुणाचं ऐकून राहिलीस गं तू? घागर भरंस्तोर दिवाळी येईल. रेट अंगानं!"

सिंधूनं एकवार केवळाबाईकडं बघितलं आणि दांड्यावर ओणवी झाली. त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्याही दिवशी झालं नाही. टायर घागरी ठेवायला आड येतो म्हणून गावातल्या कुणीतरी तो खांबासकट काढून फेकला. हापसा आता पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत थांबत नव्हता. पंचशीलाचा हिशेब भीमनगराचा होता. आता त्या दांड्यावर अख्खं गाव लोंबकळत होतं.

गावी येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडून केवळाबाईनं निरोप धाडला. पंचशीलाला तो मिळाला त्याच दिवशी प्रयोगशाळेतली घरघर बंद होती. पाइप जागेवर, सळई जागेवर, मोटर नव्हती.

"लातूरला प्रदर्शन आहे," मुळजकर सर म्हणाले. "मंत्री येणार. तिथं हापशाची प्रतिकृती चालती दाखवायची, त्यासाठी मोटर नेली. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे."

"सर, गावात वापर चौपट झालाय. यंत्र मागं पडलं. मोटर मिळत नसेल, तर हापसा तरी बंद करू. लातूरला एक फोन करा."

"प्रदर्शनाच्या आठवड्यात? पहिलाच हापसा बंद पडला म्हणून?" सरांनी चष्मा पुसला. "सोनकांबळे, तुम्ही फार भावनेनं काम करता. त्यात तुमचंच नुकसान आहे."

तिनं अर्ज न देताच सुट्टी घेतली आणि एसटी धरली. मुखेडला गाडी बदलताना पुढची गाडी पंक्चर होऊन दुपारभर उभी राहिली. हिप्परवाडीच्या फाट्यावर ती उतरली, तेव्हा गावातून एक जीप धूळ उडवत भरधाव गेली. मागच्या बाजूला सिंधू आडवी होती आणि साखराबाई तिच्या तोंडावर लुगड्याचा बोळा दाबून बसली होती. बोळा लाल झालेला.

पुढचं पंचशीलाला आईनं सांगितलं. सिंधू रेटत होती, दांडा एकदम हलका झाला आणि ती सगळ्या भारानिशी हापशाच्या डोक्यावर आपटली. आवाज नारळ फुटल्यासारखा आला. जबडा मोडला, पुढचे दात घागरीत पडले. आतल्या पाण्यात ते दिसत होते, केवळाबाई म्हणाली.

दिवे लागायच्या आधी भुजंग माणसं घेऊन भीमनगरात आला. "तुम्हाला ठाऊक व्हतं," तो ओरडत होता. "तुमच्या बाया बाजूला उभ्या ऱ्हायच्या! ठाऊक व्हतं आन सांगितलं न्हाई!"

"सांगितलं व्हतं," केवळाबाई पुढं झाली. "तुझ्या मायला इचार. रोज सांगितलं."

पहिली काठी तिच्या हातावर बसली. तोंडावर येणारा घाव तिनं उजव्या हातावर झेलला आणि कोपरापाशी हाड मोडलं. पंचशीला मध्ये पडली, तिचे केस धरून तिला बाजूला फेकलं. मारणारे दमले तेव्हा निघून गेले.

दोघी दुसऱ्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात. केवळाबाईला प्लास्टर घातलं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर सिंधू होती. तिचे दोन्ही जबडे तारेनं एकमेकांना बांधले होते, ओठांच्या फटीतून नळीनं दूध पाजत होते. भुजंगनं तक्रार दिलेली होती, की केवळाबाईनं आणि तिच्या इंजिनिअर मुलीनं धोका ठाऊक असून लपवला. जमादार जबाब घ्यायला आला. पंचशीला त्याच्यासोबत वर गेली. तिला खात्री होती. त्या पोरीनं ऐकलं होतं, सरकून उभी राहिली होती. ती खोटं कशाला बोलेल?

जमादार खाटेपाशी वाकला. "बाई, बोलू नका. नुसती मान हलवा. केवळाबाईनं तुम्हाला सांगितलं होतं का, की हापसा धोक्याचा आहे?"

साखराबाई उशाशी उभी होती. तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. सिंधूचे सुजलेले डोळे आधी सासूकडं गेले, मग पंचशीलाकडं.

मग तिनं मान आडवी हलवली. तारेनं बांधलेल्या जबड्यानिशी ती हलवताना दुखलं असावं, कारण डोळ्यांतून पाणी आलं. तरी तिनं दुसऱ्यांदाही हलवली.

नोकरीवर गेल्या गेल्या मुळजकर सरांनी पंचशीलाला हाक मारली. त्यांच्या टेबलावर हिप्परवाडीची सळई होती, टोपी वेगळी, तंतूंचं टोक वेगळं. माणूस पाठवून त्यांनी ती आणवली होती. भिंग लावून ते टोक बघत होते आणि तोंडावर असा आनंद, की घरात मूल जन्मलं असावं.

"बघा, बघा. पाणी कसं कडेकडेनं आत गेलंय! प्रयोगशाळेत असा पुरावा शंभर वर्षांत मिळाला नसता. यावर आपला शोधनिबंध होतो, सोनकांबळे. तुमचंही नाव घालतो."

"सर, माझ्या आईचा हात मोडलाय."

"हो, ऐकलं मी. वाईट झालं." त्यांनी भिंग पुढं केलं. "एकदा बघून तर घ्या."

तिनं भिंग घेतलं आणि बघितलं. तिचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं ठरलं होतं. त्या क्षणी तिला त्याचा किंचित आनंदही झाला. तो का झाला म्हणून ती पुढं कितीतरी दिवस स्वतःचा राग राग करत राहिली.

लातूरहून नवी लोखंडी सळई आली, हापसा दुरुस्त झाला. पण दुरुस्त करताना पाइप, डोकं, सगळं उपसून गावात शाळेपाशी दुसरा बोअर घेऊन तिथं बसवलं. भीमनगरात भांडणं होतात, असं कारण कागदावर आलं. जुन्या बोअरच्या तोंडावर लाकडाचा खुंटा ठोकला. त्याही साली पाऊस रुसला. भीमनगरच्या बाया लेंडी नदीच्या कोरड्या पात्रात झरे उकरायला जाऊ लागल्या. केवळाबाईचा हात सरळ झाला नाही. ती डाव्या हातानं उकरायची. खटला उदगीरच्या कोर्टात तारखांवर तारखा घेत राहिला.

सिंधूलाही काही मिळालं नाही. तारा काढल्यावर तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं राहिलं, बोलणं बोबडं झालं. साखराबाई म्हणाली, पंगतीत बसवायच्या लायकीची राहिली नाही. दसऱ्याच्या आत तिला माहेरी धाडलं आणि नवं स्थळ बघायला सुरुवातही झाली.

पंचशीलाला ती मुखेडच्या एसटी स्टँडवर भेटली. आठवडी बाजाराचा दिवस. पंचशीला आईकडं निघाली होती. पदर तोंडावर धरलेली एक बाई गर्दीतून तिच्याकडंच येत होती. जवळ आल्यावर डोळ्यांवरून ओळख पटली.

"ताई," सिंधू म्हणाली. शब्द ओला आणि मोडका निघत होता. "तुझ्या मायनं सांगितलं व्हतं. मी तव्हा भिले. आता मला टाकलं त्यांनी. आता मी कोर्टात खरं सांगते. मला कुठं जायाचं, कुणाला भेटायाचं ते सांग. मला कायबी ठाऊक न्हाई."

तिनं पदर सोडला. चेहरा पंचशीलाला पूर्ण दिसला. ती एकवीस वर्षांची असेल.

पंचशीलाला वकिलाचं नाव ठाऊक होतं. पुढची तारीख ठाऊक होती. उदगीरची गाडी कुठं लागते, तेही ठाऊक होतं. या पोरीची एक साक्ष झाली तर मायलेकींवरची केस त्याच दिवशी कोसळेल, हेही ठाऊक होतं. पण तिला दिसत होती ती दवाखान्यातली मान, एकदा आणि पुन्हा एकदा आडवी हललेली.

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता तुला टाकलं म्हणून? टाकलं नसतं तर आली असतीस?"

पंचशीलानं पिशवी उचलली.

"जा, तुझ्या घरी जा."

हिप्परवाडीची गाडी लागली. पंचशीला चढली, खिडकीची जागा मिळाली. खाली सिंधू तशीच उभी होती. पदर तोंडावर घ्यायचा तिला विसर पडला होता आणि बाजारातली माणसं थांबून थांबून तिच्याकडं बघत होती. गाडी सुटेपर्यंत उतरायला वेळ होता. पंचशीला उतरली नाही.

पंचशीला घरी पोहोचली. केवळाबाई नदीच्या पात्रातून येऊन उंबऱ्यावर टेकली होती, वाकडा हात मांडीवर घेऊन. पंचशीलानं तिला सगळं सांगितलं. सांगताना ती वाट बघत होती. आता माय शिव्या घालील. म्हणेल, पोरीला तसंच सोडून आलीस का? म्हणेल, जा माघारी, तिला घेऊन ये. म्हटलं असतं तर पंचशीला तशीच फाट्यावर गेली असती, मिळेल त्या गाडीनं.

केवळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तांब्यातलं गढूळ पाणी पदरातून गाळलं, एक घोट प्याली.

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि तांब्या लेकीपुढं सरकवला.